आईच्या माहेरची गाडी

आमच्या आईला माहेर नव्हतं. होती ती एक रेल्वेलाइन. तिचे वडील मूळचे धामापूरचे, पण पोटामागे गोव्यात गेले, कुळ्याच्या स्टेशनावर रेल्वेत लागले आणि कोळसा मारता मारता इंजिनाचे ड्रायव्हर झाले. कुळे म्हणजे गोव्याच्या पार पूर्वेला, सह्याद्रीच्या पायाशी. तिथून गाडी घाट चढून कॅसलरॉकला जाते. स्टेशनामागे रेल्वेच्या क्वार्टर्सची ओळ होती. त्यांतल्या एकीत आई जन्मली, तिथेच वाढली आणि तिथूनच लग्न होऊन वालावलीला आली. तिची आई ती लहान असतानाच वारली होती. लग्नाला वर्ष व्हायच्या आत वडीलही गेले. एक भाऊ होता, तो बदली घेऊन हुबळीला गेला तो तिकडचाच झाला. क्वार्टर रेल्वेची, ती रेल्वेने परत घेतली. गौरीला, दिवाळीला वाडीतल्या इतर सुना माहेरी जायच्या आणि येताना पिशवी भरून काहीबाही घेऊन यायच्या, तेव्हा आई आमच्या पडवीत बसून तांदूळ निवडायची. शेजारच्या क्वार्टरमधली आंजेलीन मावशी, जिने तिच्या वेण्या घातल्या, तिला मोठं केलं, तिच्याबद्दल ती बोलायची, पण शेजारणीकडे कोणी माहेरपणाला जातं का, असं विचारणारी माणसं घरात होती. शिवाय ती म्हातारी जिवंत तरी आहे का, हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

आमच्या जिल्ह्यात तेव्हा रेल्वे आली नव्हती. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांना गाड्यांचं काही कौतुक नसे, पण वालावलीसारख्या गावात, जिथे देवळातला चौघडा, खाडीतल्या होडीच्या वल्ह्याचा आवाज आणि संध्याकाळच्या एसटीचा भोंगा एवढेच काय ते आवाज, तिथे बसून दिवसभर आगगाडीची भाषा बोलणारी बाई एकच, आमची आई. चुलीवर पेज ठेवली की आईची थोरली जाऊ, आमची काकी, ओट्यावरून विचारायची, "गो, पेज झाली?" आणि आई आतून म्हणायची, "खंय! अजून सोनावळीकच आसा." सोनावळी म्हणजे कुळ्यानंतरचं पहिलं स्टेशन. पेज खदखदायला लागली की ती घाट चढते आहे, आणि शिजून उतरली की कॅसलरॉक. दूध उतू गेलं तर आई फडकं घेऊन धावताना ओरडायची, "दूधसागर इलो!" मला झोपवताना ती अंगाई म्हणत नसे, स्टेशनं म्हणत असे. मडगाव, चांदर, कुडचडे, काले, कुळे. कुळ्यापर्यंत सपाट सुरात, आणि मग घाट लागला की आवाज एकेक पायरी चढवत सोनावळी, दूधसागर, करंझोळ, कॅसलरॉक. करंझोळच्या पुढे मी जागी राहिल्याचं मला आठवत नाही.

वाडीत तिला 'रेल्वेवाली' म्हणत. बाबांचे थोरले भाऊ, आमचे आबा, घरातले कर्ते. त्यांचा शब्द म्हणजे शब्द. ते पाहुण्यांना सांगत, "आमच्या भावान लग्न करून बायल नाय हाडल्यान, इंजान हाडल्यान." सगळे हसत, आईही हसायची. पण मी तिच्या जवळ झोपायची, त्यामुळे मला माहीत होतं की ती हसायची ती फक्त लोकांत.

बाबा आमच्या शेतात राबत आणि उरलेल्या वेळात भजनाची पेटी वाजवत. त्या पेटीमुळेच साठेसाहेब आमच्या घरी आले. कुडाळच्या बँकेत पुण्याहून बदलून आलेले अधिकारी, पन्नाशीचे, सडेफटिंग. एका रविवारी लक्ष्मीनारायणाचं देऊळ बघायला आले होते, बाबांची पेटी ऐकून थांबले, आणि बाबांनी त्यांना चहाला घरी आणलं. बोलता बोलता कळलं की या गृहस्थांना आगगाड्यांचं वेड आहे. रजा घेऊन ते गाड्यांतून हिंडत, इंजिनांचे फोटो काढत, चाकांचे आवाज टेप करत. त्यांच्यासारख्याच दहा गावच्या वेड्यांची एक मंडळी होती.

"आता पावसाळा संपला की आम्ही गोव्याला जाणार आहोत," साठे म्हणाले. "ती मडगाव ते कॅसलरॉकची लहान गाडी आहे ना, मीटरगेज, ती बंद होणार. रूळ उखडून तिथे मोठे रूळ टाकणार. म्हणून आम्ही निरोपाची सहल काढतोय. सकाळी मडगावहून निघायचं, घाट चढून कॅसलरॉकला जायचं आणि परत. एक अख्खा डबा घेतलाय आम्ही."

आई चहाचे कप घेऊन माजघराच्या दारात उभी होती. परक्या पुरुषासमोर ती कधी बोलत नसे. ती म्हणाली, "करंझोळाक थांबतली?"

साठ्यांनी बशी खाली ठेवली. "करंझोळ? वहिनी, तुम्हाला करंझोळ कसं माहीत?"

मग काय विचारता! आईने दारातच उभं राहून सांगितलं. वडिलांचं इंजिन, घाटातल्या बोगद्यांतून बाहेर पडल्यावर माणसांची काळी झालेली तोंडं, धबधब्याच्या पुलावर गाडीच्या खिडकीत हात धरला तर ओंजळ कशी भरते ते. साठे लहान मुलासारखे पुढे सरकून ऐकत होते. माझ्या जन्मात पहिल्यांदा मी कुणाला तरी आईचं रेल्वेचं बोलणं न हसता ऐकताना पाहिलं. जाताना ते बाबांना म्हणाले, "आमच्यातले बरेच जण गळलेत. अर्धा डबा रिकामा आहे. तुम्ही वहिनींना घेऊन याच."

हे आबांच्या कानावर गेलं ते दुपारी जेवताना, आणि भलत्याच वेळी. त्या दिवसांत नव्या रेल्वेची आखणी चालली होती. कुडाळच्या बाजूला आमचा एक चांगला कुणगा होता, बारा महिने ओल धरणारा भाताचा तुकडा. त्याच्या बांधावर रेल्वेने दगड पुरले होते. कुणगा जाणार हे ठरलं होतं, आणि आबा आतून पेटलेले होते.

"एक रेलवे माझो कुणगो खावक इली," ते हातातला घास ताटात टाकून बाबांना म्हणाले, "आणि तुमी दुसऱ्या रेलवेक हार घालूक जातास? काय गरज नाय. दोन वर्सांनी कुडाळात गाडी येतली. मगे बघ म्हणा तिका काय ती पोटभर."

बाबा खाली मान घालून भात कालवत राहिले. आबांपुढे ते नेहमीच असे. काकीने वाढायचं थांबवलं. स्वयंपाकघराच्या दाराआडून आईचा आवाज आला.

"आबानू, कुडाळात येतली ती तुमची गाडी. माझी गाडी बंद होतली." मग म्हणाली, "तुमचो कुणगो जातलो म्हणान कळला, तेव्हा तुमी दिवसचे दिवस बांधार जावन बसलास. तुमका कोणी अडवल्यान नाय. माझा म्हायार जाता. माका एकदा बघूक जाव द्या."

आमच्या घरात आबांना असं कुणी बोललं नव्हतं. आबा हात धुवून उठले आणि टोपी घालून बाहेर पडले. रात्रीही ते दोन घास खाऊन उठले. आईने भांडी घासली, चूल सारवली, आणि माझ्याशेजारी डोळे उघडे ठेवून पडली.  आज मी चाळिशी ओलांडल्यावर विचार करते, तेव्हा वाटतं की घाटबीट सगळं ठीक, पण तिच्या आयुष्यातला खरा चढ तो दुपारचा होता. तो ती एकटी चढली होती.

सकाळी आबा बाबांना म्हणाले, "त्या साठ्यांका सांग, माझ्या नावाची पण एक जागा धरूक."

बाबा बघतच राहिले. "तुमी येतालास?"

"बायकामाणसां घाटात जातली. वांगडा कोणतरी शानो माणूस नको?"

आबा जाणार म्हटल्यावर काकी मागे राहते की काय! काकी जाणार म्हणून शेजारच्या दोघी, आणि बाबा जाणार म्हणून सगळं भजनमंडळ. बघता बघता अर्धी वाडी सहलीला निघाली. साठ्यांना वाटलं होतं एक जोडपं येईल. मध्यरात्री निघून आम्ही पहाटे मडगावला पोचलो तेव्हा ते एसटीच्या दाराशी उभे होते, आणि एकामागून एक उतरणारी माणसं, पखवाज, पेटी, टाळांची पिशवी, करंड्या, डबे बघून त्यांनी डोक्याला हात लावला. मग इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

निघायच्या आदल्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात जो घमघमाट सुटला होता तो मला आजही आठवतो. श्रावण-भाद्रपद सरले होते, भातं पोटरीला आली होती, मांडवावर मोठमोठी तवशी, म्हणजे जाड काकड्या, लोंबत होती. त्यातलं सगळ्यात मोठं तवसं किसून काकीने गूळ घालून तवसाळी भाजली, खाली निखारे, वर झाकणावर निखारे. आईने घावणे घातले, आणि घालतच राहिली. काळ्या वाटाण्याची सुकी उसळ, ओल्या खोबऱ्याची चटणी, कोकमाचं आगळ बाटल्यांत भरून. त्या दिवशी आई गाडीचं एक अक्षर बोलली नाही. काकीनेच शेवटी न राहवून विचारलं, "गो, घावणे खंय पावले?" आईला हसू आलं, पण ती म्हणाली, "उद्या प्रत्यक्षच बघा."

मडगावच्या फलाटावर सकाळी आमच्या डब्यासमोर दोन जत्रा भरल्या. एक साठ्यांच्या मंडळींची: गळ्यात कॅमेरे, हातात टेपरेकॉर्डर, इंजिनाच्या पुढ्यात उकिडवं बसून फोटो घेणारे शहाणेसुरते लोक. दुसरी आमची: अबोलीच्या वेण्या, करंड्या आणि पखवाज. इंजिन डिझेलचं होतं, कोळशाची कधीच गेली होती, पण साठ्यांच्या माणसांनी त्याला झेंडूचे हार घातले होते. गाडी मला एवढीशी वाटली. डबे अरुंद, रूळ तर असे जवळजवळ की जणू मुलांनी मांडलेला खेळ. आईने डब्याच्या दांडीला हात लावला आणि तोच हात कपाळाला लावून ती आत चढली, देवळाची पायरी चढावी तशी.

पहिल्या स्टेशनापर्यंत दोन्ही जत्रा एकमेकींकडे संशयाने बघत होत्या. साठ्यांच्यातला एक तरुण खिडकीबाहेर माइक धरून चाकांचा आवाज टेप करत होता. तो काकीला म्हणाला, "आजी, जरा शांत बसाल का? आवाज येतो यात." काकी म्हणाली, "मेल्या, गाडीक मोठ्यान वाजूक सांग. माका कित्याक गप करतस?" डबाभर हशा पिकला. तो मुलगाही हसला. मग काकीने त्याच्या हातात केळीच्या पानावरचा घावणा ठेवला आणि त्यानंतर त्याने टेप बंद केला की नाही हे मला ठाऊक नाही, पण तो चांदरपासून कुडचड्यापर्यंत खातच होता. बाबांनी पेटी काढली. शहरातल्या त्या लोकांनी टाळ हातात घेतले, चुकतमाकत वाजवले. आबा कोपऱ्यात छत्री दोन पायांमध्ये उभी धरून, रेल्वेशी आपलं काहीही देणंघेणं नाही असा चेहरा करून बसले होते.

 आई मात्र खिडकीशी बसून स्टेशन यायच्या आधी त्याचं नाव ओठांतल्या ओठांत म्हणे, आणि मग खरोखरच ते नाव पाटीवर येई. काले गेलं आणि तिने पदर सावरून घेतला. डोंगर जवळ आला. झाडी दाट झाली. कुळे आलं.

साठे डब्यात उभे राहून म्हणाले, "मंडळी, इथे गाडीला घाट चढण्यासाठी मागून आणखी इंजिन जोडतात. बराच वेळ आहे. पण फार लांब जाऊ नका." त्यांचं वाक्य संपायच्या आत आई खाली उतरली होती. कुणाला काही न सांगता ती फलाटाच्या टोकाकडे चालू लागली. मी मागे धावले. वळून पाहिलं तर आबाही छत्री काखेत मारून, जरा अंतर ठेवून, आमच्या मागोमाग येत होते.

स्टेशनामागे फणसाची झाडं होती आणि त्यांच्या सावलीत दगडी क्वार्टर्सची ती ओळ. आई एका दारासमोर थांबली. दाराला कुलूप, गंजलेलं. कौलं खचलेली, उंबऱ्यावर रान वाढलेलं, खिडकीतून आतला अंधार दिसत होता. आई बघत उभी राहिली. मला वाटलं ती रडेल, आणि तशी ती रडली असती तर मला कळलं असतं काय करायचं. ती नुसती उभी होती, आणि मला तेव्हा फार भीती वाटली, की एवढ्या सगळ्यांना घेऊन आई इथवर आली आणि इथे काहीच नाही.

शेजारच्या क्वार्टरचं दार उघडलं. फुलाफुलांचा झगा घातलेली, पांढऱ्या केसांची, वाकलेली एक बाई हातात सूप घेऊन बाहेर आली. डोळे बारीक करून तिने आमच्याकडे पाहिलं. "कोण गो तूं? कोण जाय तुका?"

आईने डोक्यावरचा पदर मागे घेतला.

म्हातारी दोन पावलं पुढे आली. सूप तिच्या हातातून खाली पडलं. "सुलू?"

वालावलीत आईचं नाव लग्नात बदलून इंदिरा झालं होतं. सुलोचना हे तिचं जुनं नाव मला माहीत होतं, पण तिला 'सुलू' म्हणून हाक मारणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. आई धावली आणि त्या झग्यात तोंड खुपसून तिने जो हंबरडा फोडला तो स्टेशनापर्यंत गेला असेल. आंजेलीन मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत एकच म्हणत होती, "इतलीं वर्सां खंय आशिल्लें गो तूं? खंय आशिल्लें?" मावशीचा मुलगा रेल्वेत लागला होता, म्हणून ती अजून तिथेच होती. क्वार्टर्स पाडणार म्हणून तीही सामान बांधत होती.

तेवढ्यात इंजिनाने भोंगा दिला. मी आईचा पदर ओढला. आई डोळे पुसत म्हणाली, "मावशी, गाडी सुटतली. जातंय."

"गाडी सुटता जाल्यार सुटूं," आंजेलीन मावशी म्हणाली. "रितें धाडचें ना हांव तुका. तुज्या आवयक हांवें उतर दिलां." आणि आईच्या आईला दिलेल्या त्या शब्दासाठी ती म्हातारी फलाटापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात शेजारणींना हाका मारू लागली. तिच्या घरात हळदकुंकू कुठलं असायला! चार घरांपलीकडून एक कानडी बाई हळदकुंकवाची कोयरी घेऊन धावत आली, दुसरीने नारळ आणला, तिसरीने सुपारी. मावशीने डब्यातले तांदूळ काढले. खण नव्हता. मग ती आत गेली आणि नाताळला झगा शिवायला ठेवलेलं कोरं निळं कापड घेऊन आली. इंजिनाने पुन्हा भोंगा दिला.

आबा फणसाखाली उभे होते. त्यांनी ते सगळं पाहिलं. मग माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी धोतराचा सोगा हातात धरला आणि आमचे आबा, जे देवाच्या पालखीपुढेही कधी घाईने चालले नाहीत, ते स्टेशनाकडे धावत सुटले.

पुढचं बाबांनी सांगितलेलं. गार्डसाहेब शिट्टी तोंडात धरून गाडी सोडायच्या तयारीत होते. आबा थेट त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि कचेरीत बोलतात तसं शुद्ध बोलू लागले.

"साहेब, गाडी सोडू नका. आमच्या सुनेची ओटी भरतायत."

गार्ड बेळगावकडचे. ते म्हणाले, "काय म्हणता आजोबा? कुठं भरतायत?"

"तिच्या माहेरी. हे काय, तुमच्याच क्वार्टरांत. रेल्वेचीच मुलगी आहे ती. तिचे वडील ह्या घाटात इंजिन चालवत होते. तुम्ही तिचं माहेर उद्या मोडणार, ते मोडा. पण आज ओटी अर्धी टाकून ती निघणार नाही. आणि तिला टाकून आम्ही निघणार नाही."

गार्डांनी शिट्टी तोंडातून काढली. घड्याळात पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि मग ते इंजिनाच्या दिशेने हात वर करून थांबायची खूण करत चालत गेले. भजनमंडळ खाली उतरलं आणि फलाटावर पखवाजावर थाप पडली. साठ्यांची माणसं कॅमेरे घेऊन क्वार्टर्सकडे धावली.

साठे पुढे कितीतरी वर्षं मला सांगत, की मागच्या इंजिनाचा ब्रेक तपासायचा राहिला होता, म्हणून गाडी तशीही थांबणारच होती. असेलही. मी त्यांना कधी उलट बोलले नाही. पण आमच्या घरात, आमच्या वाडीत, आणि माझ्या लेकरांना मी सांगितलेल्या गोष्टीत गाडी आबांनी थांबवली.

आई फलाटावर आली ती भरल्या पदराने. कपाळभर कुंकू, ओटीत तांदूळ, नारळ, निळं कापड, वर कुणीतरी टाकलेले परसातले पेरू. एका बाजूला आंजेलीन मावशी, मागे क्वार्टर्समधल्या सगळ्या बायका. डब्याच्या दारापाशी आई आबांच्या पाया पडायला वाकली, तर ओटी सांडेल म्हणून आबा मागे सरले. "ऱ्हवांदे, ऱ्हवांदे," ते म्हणाले. "आदी तुझ्या आवाशीच्या पाया पड." आणि त्यांनी आंजेलीन मावशीकडे बोट केलं. मावशीने आईला आणि मला जवळ घेतलं, कपाळावर क्रूस काढला, आणि गाडी हलली तेव्हा ती आमच्या डब्याबरोबर चालत राहिली, फलाट संपेपर्यंत.

मग घाट. त्या घाटाचं वर्णन मी काय करू! पुढून आणि मागून इंजिनं गुरगुरत होती, डबा थरथरत होता, बोगदा आला की काळोखात सगळे मिळून ओरडत, आमच्या वाडीचे आणि साठ्यांचे, आता कोण कुठले ते कळतही नव्हतं. आई बोलायला लागली होती. ओटी मांडीवर धरून ती हाताने दाखवत होती: इथे वडील इंजिनात पाणी भरत, इथे एकदा गवा रुळावर उभा राहिला होता. साठ्यांच्या मंडळींनी तिच्याभोवती कोंडाळं केलं होतं. काकी दारातल्या दांड्याला घट्ट धरून बाहेर बघत होती, आणि एकाएकी वळण संपलं आणि समोर सगळा डोंगर पांढरा झाला. वरपासून खालपर्यंत पाणीच पाणी. तुषार खिडक्यांतून आत आले, पेटी भिजली, आबांची टोपी भिजली. काकीचा वासलेला आ मिटेना. मग ती आईकडे वळून म्हणाली, "गो, ह्या तर खरांच उतू गेला!" आणि दोघी जावा एकमेकींच्या गळ्यात पडून हसू लागल्या. आई खिडकीतून हात काढून धबधब्याचे तुषार ओंजळीत झेलत होती आणि एकेकाच्या डोक्यावर शिंपडत होती. आबांनी मान पुढे केली.

कॅसलरॉकला थंड वारा होता. तिथे परतीसाठी दोन्ही इंजिनं गाडीच्या एकाच टोकाला जोडली, सगळ्यांनी फलाटावर पंगत मांडून तवसाळी खाल्ली. परतायची वेळ झाली तेव्हा गार्डसाहेब आमच्या डब्याशी आले.

"कुळ्याची मुलगी कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

आई पुढे झाली. तिला वाटलं उशिराबद्दल बोलणी बसणार. पण त्यांनी हातातला हिरवा झेंडा तिच्यापुढे धरला.

"थांबवलीत तुम्ही. आता सोडा पण तुम्हीच. चला, माझ्या डब्यात."

आईने आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, "जा गो. बघतंस काय?"

ती गार्डाच्या डब्यात चढली, अगदी गाडीच्या टोकाला. आम्ही सगळे आमच्या डब्याच्या खिडक्यांतून माना बाहेर काढून बघत होतो. गार्डांनी शिट्टी दिली. आईने हात लांब केला आणि झेंडा हलवला, आणि ती एवढी मोठी गाडी, दोन इंजिनं, सगळे डबे, आत बसलेली सगळी माणसं, तिच्या हाताच्या इशाऱ्यावर सुटली.

आई आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. बाबा नाहीत, आबा नाहीत, त्या लहान रुळांचा मागमूसही उरलेला नाही. त्या दिवसानंतर आईला कुणी हसण्यावारी 'रेल्वेवाली' म्हटलेलं मी ऐकलं नाही. म्हणत, पण मान देऊन. आणि आंजेलीन मावशी असेपर्यंत दर दिवाळीला आई मडगावजवळ तिच्या मुलाच्या नव्या घरी जायची. पहिल्या वर्षी तिला पोचवायला आबा स्वतः गेले.

पण मला ती आठवते ती घाट उतरतानाची. त्या घाटात गाडी अशी वळते की मधल्या डब्यातून पुढचं इंजिनही दिसतं आणि मागचं टोकही. वळणावर गार्डाने झेंडा दाखवायचा, आणि ड्रायव्हरने मागे बघून सगळं ठीक असल्याची खूण घ्यायची, अशी रीत. गार्डसाहेबांनी ते काम आईकडेच ठेवलं होतं. प्रत्येक वळणावर मी मागे बघायची. उन्हं उतरली होती, सगळी दरी सोनेरी झाली होती, आणि गाडीच्या शेवटच्या दारात आमची आई, पदर वाऱ्यावर, हात ताठ बाहेर काढून झेंडा हलवत होती. ती हलवी, आणि पुढून इंजिन भोंगा वाजवी. दरीतून तो भोंगा परत येई. पुढचं वळण. आई पुन्हा झेंडा हलवी. आई हाक मारत होती आणि अख्खा घाट तिला ओ देत होता.